बदली तासाला अनोळखी वर्ग कसा सांभाळावा

एखादे शिक्षक रजेवर असले की सकाळीच बदली तासांची वही फिरते आणि आपल्या मोकळ्या तासिकेपुढे एखादा अनोळखी वर्ग लिहिलेला आढळतो. वहीत सही करतानाच तीन गोष्टी स्टाफरूममध्ये विचारून घ्याव्यात: त्या वर्गाचे वर्गशिक्षक कोण, वर्गप्रमुख कोण, आणि त्या विषयात मागच्या तासाला कुठवर शिकवून झाले आहे. खिशात दोन खडू ठेवावेत, कारण दुसऱ्याच्या वर्गात खडू शोधण्यात जी दोन मिनिटे जातात, तीच सर्वांत महागाची असतात.

मुलांच्या लेखी बदली तास म्हणजे मोकळा तास. दारात पाऊल ठेवताच “सर, मैदानावर सोडा ना” अशी विनवणी सुरू होते. तिच्यावर वाद घालू नये. पहिली दोन वर्षे मी आधी शांतता आणि मग काम असा क्रम धरत असे. टेबलावर डस्टर आपटत राही, आणि प्रत्येक आपटण्यानंतरची शांतता आधीच्यापेक्षा कमी वेळ टिके. क्रम उलटा केल्यावर वर्ग सावरू लागला. हाताला काम मिळाले की मुले आपोआप खाली वाकतात, हातात काहीच नसताना “गप्प बसा” हे सांगणे त्यांना पाळता येत नाही. म्हणून वर्गात शिरल्यावर नमस्कार झाला की थेट फळ्याकडे वळून काम लिहावे, आणि ते वही-पेन्सिलीवर भागणारे असावे.

पाचवीपासून पुढच्या वर्गांसाठी माझे ठरलेले काम कापरेकरांच्या संख्येचे आहे. मी फळ्यावर लिहितो: “वहीत कोणतीही चार अंकी संख्या लिहा, मात्र चारही अंक सारखे नकोत.” मग त्या अंकांपासून सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान संख्या करून वजाबाकी करायची, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करायचे. ३५२४ घेतली तर ५४३२ मधून २३४५ वजा करून ३०८७ येतात, ८७३० मधून ०३७८ वजा करून ८३५२, आणि ८५३२ मधून २३५८ वजा करून ६१७४. पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४च येत राहते. वजाबाकीत तीन अंकी उत्तर आले तर आधी शून्य लिहून ते चार अंकी धरावे, हे मात्र सुरुवातीलाच सांगावे. कोणत्याही संख्येपासून निघाले तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ गाठता येते, त्यामुळे जो तिथे पोहोचत नाही त्याची कुठेतरी हातच्याची चूक झालेली असते आणि शेजारचा मुलगा ती शोधू लागतो. वर्गात बोलणे तेव्हाही चालूच असते, पण ते वजाबाकीविषयी असते, आणि असे बोलणे थांबवू नये. ही संख्या शोधणारे द. रा. कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत होते, हे तासाच्या शेवटी सांगितले की मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

मुले लिहीत असताना एका कागदावर बाकांचा आराखडा काढून निदान मागच्या दोन रांगांची नावे विचारून त्यात भरावीत. “ए निळ्या दप्तरवाल्या” या हाकेने सगळा वर्ग हसतो. नावाने मारलेल्या हाकेने एकच मुलगा वळतो.

वर्गप्रमुखाला फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहायला लावण्याची पद्धत मात्र मी पूर्ण सोडून दिली आहे आणि इतरांनीही सोडावी असे मनापासून वाटते. आठवीच्या एका वर्गात मी पाहिले, की यादीत वर्गप्रमुखाशी ज्यांचे पटत नव्हते त्यांचीच नावे होती, आणि ज्याच्या नावापुढे तीन फुल्या पडल्या होत्या तो मुलगा आता गमावण्यासारखे काही उरले नाही म्हणून उघड दंगा करत होता. नावे लिहिणाऱ्यालाही मधल्या सुट्टीत त्याची किंमत मोजावी लागते. त्यापेक्षा वर्गप्रमुखाला हजर मुलांची संख्या मोजायला किंवा वह्या गोळा करायला सांगावे.

तरीही एखादा स्वस्थ बसत नसेल तर फळ्यापासून ओरडण्याऐवजी त्याच्या बाकाशी जाऊन उभे राहावे, वहीवर बोट ठेवून “इथपर्यंत बरोबर आहे, पुढची कर” असे हळू आवाजात सांगावे आणि तो लिहू लागला की तिथून निघावे. त्याला वर्गाबाहेर काढू नये, कारण त्या तासापुरती त्याची जबाबदारी आपली असते. एकासाठी सगळ्या वर्गाला उभे करणेही टाळावे. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक त्रासालाही मनाई केली आहे, आणि चारचौघांत केलेला अपमान त्याच त्रासात मोडतो, असे मी मानतो.

नवा धडा सुरू करू नये; रजेवरून परतलेल्या शिक्षकांना तो पुन्हा शिकवावा लागतो. घंटेच्या पाच मिनिटे आधी काम थांबवून वह्या मिटायला सांगाव्यात, बाकांखालचे कागद उचलून घ्यावेत आणि फळा पुसावा. मग त्या शिक्षकांच्या टेबलावर चार ओळींची चिठ्ठी ठेवावी: किती मुले हजर होती, काय काम दिले, कुणी चांगले केले. तक्रार असलीच तर ती चिठ्ठीत न लिहिता ते परतल्यावर समक्ष सांगावी, म्हणजे मुलाची बाजूही त्यांना विचारता येते.