चष्म्याच्या केसची आयात: टॅरिफ वर्गीकरणात या चुका टाळा

चष्म्याची केस ही किरकोळ वस्तू, म्हणून तिच्या एचएस कोडकडे (मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या क्रमांकाकडे) कुणी फारसं बघत नाही. पुरवठादाराने इनव्हॉइसवर टाकलेला कोडच पुढच्या सगळ्या कागदांवर उतरतो. मग कस्टम्सने शंका काढली की माल अडकतो, डेमरेज (माल बंदरात पडून राहिल्याचा आकार) चढत जातं आणि शुल्कातला फरक दंडासह भरावा लागतो. हे अगदी टाळण्यासारखं आहे, कारण या वस्तूबद्दल टॅरिफमध्ये बरंच स्पष्ट लिहिलेलं आहे.

पहिली चूक म्हणजे केसला चष्म्याचा सुटा भाग समजणं. ९००३ या हेडिंगमध्ये (चार अंकी गटात) फ्रेम आणि फ्रेमचे भाग येतात, ९००४ मध्ये तयार चष्मे आणि गॉगल. केस फ्रेमला जोडली जात नाही, त्यामुळे सुटी आलेली केस यांपैकी कुठेच बसत नाही. तिची जागा ४२०२. त्या हेडिंगमध्ये चष्म्याच्या केसचा नावानिशी उल्लेख आहे.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. केस ॲल्युमिनियमची आहे म्हणून ७६ वं प्रकरण, लाकडी आहे म्हणून ४४ वं, प्लास्टिकची आहे म्हणून ३९२३ किंवा ३९२६, असा विचार सहज होतो. ४२०२ चा मजकूर मात्र एका अर्धविरामाने दोन भागांत विभागलेला आहे. त्यानंतरच्या भागातल्या हँडबॅग, पाकिटं, दागिन्यांचे डबे वगैरे वस्तूंना चामडं, प्लास्टिकचा पत्रा, कापड, पुठ्ठा अशा ठरावीक साहित्याची अट आहे. अर्धविरामाआधीच्या वस्तूंना ती अट नाही, आणि चष्म्याची केस आधीच्या भागात आहे. म्हणून धातूची असो की लाकडाची, हेडिंग बदलत नाही. ३९ व्या प्रकरणाच्या टिपांनीही ४२०२ मधल्या वस्तू स्पष्टपणे बाहेर ठेवल्या आहेत. अपवाद दुर्मीळ: मौल्यवान धातूमुळेच केसला तिचं मुख्य स्वरूप येत असेल, तर ७१ वं प्रकरण बघावं लागतं.

खरा घोळ होतो तो सबहेडिंगमध्ये, म्हणजे सहा अंकी उपगटात. खिशात किंवा हँडबॅगेत ठेवण्याच्या वस्तूंसाठी तीन जागा आहेत: बाहेरचा पृष्ठभाग चामड्याचा किंवा कंपोझिशन लेदरचा असेल तर ४२०२.३१, प्लास्टिकच्या पत्र्याचा किंवा कापडाचा असेल तर ४२०२.३२, बाकी सगळं ४२०२.३९. इथे बाहेरचा पृष्ठभाग पाहायचा. आतला सांगाडा, मखमली अस्तर, वजन, किंमत यांवर निर्णय होत नाही. आत लोखंडी पत्रा आणि वर पीयूचं (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचं) आवरण असलेली नेहमीची कडक केस ४२०२.३२ मध्ये जाते.

‘पीयू लेदर’ किंवा ‘व्हीगन लेदर’ लिहिलेलं पाहून ३१ टाकणारे पुष्कळ आहेत. ते चामडं नाही, प्लास्टिक आहे. उलट चामड्याच्या तंतूंपासून बनवलेलं बाँडेड लेदर हे कंपोझिशन लेदर असल्यामुळे ३१ मध्येच येतं. खऱ्या चामड्यावर संरक्षणासाठी दिलेला प्लास्टिकचा थर डोळ्यांना दिसत नसेल, म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल, तर ते चामडंच धरलं जातं. थर त्याहून जाड निघाला की वाद सुरू होतो, म्हणून जाडीचा आकडा पुरवठादाराकडून लेखी घ्या.

साच्यात ओतून बनवलेली, वर काहीही न लावलेली प्लास्टिकची केस पाहिली की हात आपोआप ३२ कडे जातो. पण ३२ मध्ये शब्द आहे प्लास्टिकचा पत्रा. साच्यातली वस्तू पत्र्याची नसते, ती ४२०२.३९ मध्ये जाते. सुटकेसच्या ४२०२.१२ मध्ये नुसतं ‘प्लास्टिक’ म्हटलं आहे, त्यामुळे ती सवय इथे लावू नका. उघड्या धातूची, लाकडाची आणि कागद चिकटवलेल्या पुठ्ठ्याची केसही ४२०२.३९ मध्येच. पाच-सहा चष्मे मावतील अशी मोठी पेटी खिशात जात नाही. तिच्यासाठी ही तिन्ही सबहेडिंग सोडून द्या.

केस चष्म्यासोबत आली तर चित्र बदलतं. टॅरिफच्या सर्वसाधारण अर्थनिर्णय नियम ५(अ) प्रमाणे त्या वस्तूसाठी खास घडवलेली, दीर्घकाळ टिकणारी, नेहमी तिच्यासोबतच विकली जाणारी केस त्या वस्तूच्याच कोडमध्ये जाते. वाहतुकीच्या सोयीसाठी चष्मे आणि केस वेगवेगळ्या खोक्यांत भरले तरी चालतं. पण पाचशे चष्म्यांसोबत आठशे केस मागवल्या, तर वरच्या तीनशे स्वतंत्र ४२०२ मध्ये दाखवा. लेन्स पुसायचं कापड सुटं आलं तर ते ६३०७.१० मध्ये.

पुरवठादाराचा कोड उचलताना एक ध्यानात ठेवा: पहिले सहा अंक सगळीकडे समान, पुढचे अंक ज्या त्या देशाचे. निर्यातदार देशाचा आठ किंवा दहा अंकी कोड आयातीला कामाचा नाही. इनव्हॉइसवर ‘ऑप्टिकल ॲक्सेसरीज’ असं मोघम न लिहिता ‘चष्म्याची केस, आत लोखंडी पत्रा, बाहेर पीयू पत्रा’ असं लिहून घ्या.

नियमित माल येणार असेल तर कस्टम्सकडून वर्गीकरणाबद्दल आगाऊ निर्णय मागा. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २०१७ मध्ये अमलात आला, त्यात या सोयीची तरतूद आहे. अर्जासोबत नमुना, थरांचा तपशील आणि फोटो जोडा. हा निर्णय वर्णन केलेल्या वस्तूपुरताच लागू असतो, तेव्हा पुरवठादाराने पुढच्या खेपेला पीयूऐवजी कापड किंवा चामडं वापरलं, तर माल निघण्याआधीच ते तुम्हाला कळवण्याची अट खरेदी करारात घाला.