जुन्या बुलेटचं पांढरं पडलेलं प्रायमरी कव्हर: माझा अनुभव

प्रायमरी कव्हर म्हणजे इंजिनच्या डाव्या बाजूचं, प्रायमरी चेनवरचं ॲल्युमिनियमचं झाकण. ते पुन्हा चमकवायचं तर गाडीवरच घासू नका, कडा तशाच राहतात. ऑइल काढा, फूटरेस्ट काढा, मधला नट सोडला की कव्हर हातात येतं. रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने चिकटा काढून भांड्यांच्या साबणाने धुवा. कॉस्टिक सोडा मात्र चुकूनही नको, ॲल्युमिनियम खातो आणि काळं करतो.

मग वॉटर पेपर (ओला करून वापरायचा घासपेपर; नंबर मोठा तितका बारीक), साबणाच्या पाण्यात बुडवून: ४००, ६००, ८००, १०००, १५००. खोल खड्डे असतील तिथेच ३२० ने सुरुवात करा. प्रत्येक पेपर आधीच्याला आडवा फिरवा. जुन्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर हातात घ्यायचा नाही. खरी मेहनत ४०० लाच आहे. इथे घाई केली की शेवटी चकाकीतून रेघा डोकावतात, आणि परत पहिल्यापासून! दर नंबरनंतर कव्हर आणि बादली दोन्ही धुवा, जाड पेपरचा एक कण राहिला तरी ओरखडा पडतो. रबर सील बसते त्या कडेला पेपर लावू नका, ऑइल गळेल.

नंतर मेटल पॉलिश. फडकं काळं होतं, ते घासलेलं ॲल्युमिनियमच. काळं यायचं कमी होईपर्यंत फडकं बदलत राहा.

वरून लॅकर (पारदर्शक वार्निश) मारू नये असं माझं ठाम मत आहे. खडी लागून त्याचा टवका उडतो, आत पाणी शिरतं आणि खाली पांढऱ्या अळीसारख्या रेघा पसरतात. त्यापेक्षा कार्नोबा वॅक्सचे (गाड्यांना लावतात ते वनस्पतीजन्य मेण) दोन पातळ हात द्या. कोकणात खाऱ्या हवेमुळे दर महिन्याला.