न्हाणीघराचे काम सुरू असताना येणारी गटाराची दुर्गंधी

जुना कमोड काढला की त्याच्या ट्रॅपमधले (वायू अडवण्यासाठी पाणी साठवणाऱ्या वाकड्या भागातले) पाणीही जाते आणि मैलावाहिनीतील वायू थेट घरात शिरतो, म्हणून उघड्या पाइपाचे तोंड त्याच दिवशी बंद करावे. कमोडचा पाइप बहुधा ११० मिलिमीटरचा असतो; त्या मापाचे प्लंबिंगचे टोपण बसवणे सर्वांत चांगले. कापडाचा बोळा कोंबण्याची पद्धत सर्रास दिसते, परंतु तो आत घसरला तर पुढे पाइप तुंबतो आणि कापडातून वायूही झिरपतो.

वापरात नसलेल्या नहाणी ट्रॅपमधील (न्हाणीघराच्या फरशीतील जाळीखालच्या ट्रॅपमधील) पाणी, विशेषतः उन्हाळ्यात, आटते. त्यात अधूनमधून तांब्याभर पाणी ओतावे, कारण वायू अडवणारा सुमारे ५० मिलिमीटरचा पाण्याचा थरच असतो, वरची जाळी नव्हे. व्हेंट पाइप (मैलावाहिनीतील वायू घराबाहेर उंचावर सोडणारा पाइप) मात्र कधीही बुजवू नये.

खिडकी उघडी ठेवावी. सडक्या अंड्यासारखा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड घ्राणेंद्रिय बधिर करतो, त्यामुळे वास अचानक थांबला म्हणजे धोका टळला असे समजू नये. डोके दुखू लागल्यास किंवा चक्कर आल्यास लगेच बाहेर पडावे.