नागपूर सोडून पालमपूरला राहायला जायचंय? मग मे महिन्यात काहीच ठरवू नका

नागपुरात पारा ४५ च्या वर गेला की डोंगरात जाऊन राहायचे बेत सुरू होतात. आठ दिवस हिमाचल फिरून आलेला माणूस घरी येऊन कूलरसमोर बसतो आणि म्हणतो, बस झालं, आता तिकडंच राहायचं. कुणाची बदली असते, कुणाचं लॅपटॉपवरचं काम असते, कुणाची रिटायरमेंट. जा, जरूर जा, पण मे महिन्यात डोंगर बघून घर ठरवू नका, कारण मे मध्ये तिथं सगळंच चांगलं दिसते.

मी पालमपूर धरून सांगून राहिलो. हिमाचलचा कांगडा जिल्हा, धौलाधार डोंगररांगेच्या पायथ्याशी, उंची साधारण १२०० मीटर (आपलं नागपूर ३१० वर आहे), चहाचे मळे, कृषी विद्यापीठ, गाव लहान. दुसऱ्या डोंगरी गावाला जाणार असाल तर आकडे बदलतील, कामं बहुतेक हीच राहतील.

आधी ऑगस्टमध्ये जाऊन या, मग जानेवारीत

तिथला पाऊस आपल्या दुपटीहून जास्त आहे. धौलाधारला ढग अडतात आणि मग दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही. म्हणून भाड्याचं घर ऑगस्टमध्ये बघायचं. हॉलमध्ये बसून चहा पिऊन परत येऊ नका, मागच्या खोलीत जा, कपाट भिंतीपासून थोडं सरकवायला सांगा आणि मागच्या भिंतीला तळहात लावा. हात गार पडून ओलसर लागला की समजायचं. दाराआड टांगलेला चामड्याचा पट्टा किंवा कोपऱ्यातले बूट बघा, त्यावर पांढरी बुरशी असेल तर तुमच्या कपड्यांचंही तेच होणार. घरमालक म्हणेल नवीन पेंट मारून देतो, तर पेंटनं ओल जात नाही.

जानेवारीत एकच प्रश्न विचारायचा, ऊन किती वाजता येते आणि किती वाजता जाते. दक्षिणेकडं तोंड असलेलं घर असेल तर दिवसभर बाहेर बसता येते, डोंगराच्या सावलीतलं असेल तर दुपारीही स्वेटर उतरत नाही. हे घरमालकापेक्षा शेजारच्या आजीला विचारा, ती खरं सांगते.

आणि घर कशावर उभं आहे ते बघाच. ४ एप्रिल १९०५ च्या कांगड्याच्या भूकंपात वीस हजारांच्या आसपास माणसं गेली, हा भाग देशातल्या सगळ्यात जास्त धोक्याच्या भूकंप पट्ट्यात आहे, आपण नागपूरवाले सगळ्यात कमी धोक्याच्या भागात वाढलेले त्यामुळं हे डोक्यातच येत नाही. डोंगर कापून, भराव टाकून, खाली नुसते पिलर उभे करून बांधलेलं चार मजली घर व्ह्यूसाठी घेऊ नका. व्ह्यू गच्चीवरून कुठूनही दिसते.

जमीन घ्यायचा विचार तूर्त बाजूला ठेवा

हिमाचलच्या १९७२ च्या कूळ आणि जमीन सुधारणा कायद्यात कलम ११८ आहे. हिमाचलचा शेतकरी नसलेल्या माणसाला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. काटोलला तुमची संत्र्याची बाग असली आणि हातात सातबारा असला तरी तिथं तो कामाचा नाही. कुणीतरी भेटेलच जो म्हणेल, माझ्या नावावर घेऊ, राहा तुम्ही. अशा भानगडीत पडलेली जमीन सरकारजमा होऊ शकते, तर हात जोडून नाही म्हणायचं. भाड्यानं राहा, करार लिहून घ्या, पोलिसांकडं भाडेकरूची नोंद करा.

सामान

कूलर विकून टाका, तिथं जूनमध्ये पंख्यावर भागते. जाड गाद्या आणि रजया तिथंच भरून घ्या. पॅकर्सवाल्याला आधीच लेखी विचारा की मोठा ट्रक घरापर्यंत नाही गेला तर छोट्या गाडीचे आणि हमालीचे पैसे कोण देणार, कारण गल्लीत ट्रक वळतच नाही आणि तिथं उभं राहून भाव ठरवणं म्हणजे अवघड काम.

गाडी नेत असाल तर बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात ठेवायची असेल तेव्हा तिथं पुन्हा नोंदणी करावी लागते, त्यासाठी नागपूरच्या आरटीओची एनओसी लागते, फॉर्म २८. कर्ज बाकी असेल तर बँकेचं पत्रही. हे इथं असतानाच करून घ्या, तिकडून फोनवर होत नाही. गॅस एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या. मतदार यादीचा पत्ता बदलायला फॉर्म ८. पोरांची शाळा असेल तर शाळा सोडल्याचा दाखला, आणि तिकडच्या शाळेला लांब सुट्टी कधी असते ते आधी विचारा, हिमाचलात काही शाळांना हिवाळ्यात मोठी सुट्टी असते, काहींना नाही.

स्वयंपाक

१२०० मीटरवर पाणी ९६ अंशाच्या आसपासच उकळते. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, कुकरशिवाय गत नाही, राजमा आणि हरभरे रात्रीच भिजत घाला. ज्वारी सहज मिळत नाही, पीठ नेऊ नका, ओलीनं खराब होते, धान्यच न्या आणि चक्कीवर थोडं थोडं दळा. ओढ्याच्या काठी काही ठिकाणी पाण्यावर चालणारं घराट अजून आहे, दळायला देऊन बघा, गंमत येते. सावजीचा मसाला हवाबंद डब्यात. काळे चणे तिथं भरपूर मिळतात त्यामुळं रविवारच्या तर्री पोह्याचं टेन्शन नाही, मात्र सांबारवडीसाठी जुड्यांनी सांबार (म्हणजे कोथिंबीर) घ्यायची सवय असेल तर तेवढा ढीग रोज मिळेलच असं नाही.

चहाचं मात्र ऐका. कांगडा चहाला २००५ मध्ये जीआय (त्या भागाच्या नावाची सरकारी ओळख) मिळालेला आहे, हलका आणि सुगंधी, पण दूध-साखर-आलं टाकून टपरीसारखा उकळायचा चहा हा नाही. तो बिनदुधाचा प्या आणि सकाळच्या कडकसाठी दाणेदार पावडर वेगळी ठेवा.

थंडी

बंद खोलीत कोळशाची अंगीठी ठेवून झोपायचं नाही. म्हणजे नाहीच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो, आणि थंडीत अशा बातम्या येतच असतात. इलेक्ट्रिक हीटर लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग आणि अर्थिंग तपासा, गीझर आणि हीटर एकत्र लावू नका. वादळात लाइट जाते, तर इन्व्हर्टर असू द्या. पावसाळ्यात नळाला कधी गढूळ पाणी येते, फिल्टर पहिल्याच आठवड्यात बसवा. आणि माकडं! स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी नसेल तर सामान उघडायच्या आधी जाळी.

घरात म्हातारं माणूस असेल तर दवाखान्याचा हिशोब आधी करा. आपल्याला मेडिकल, मेयो, एम्स सगळं गावातच आहे, तिथं मोठी केस म्हणजे टांड्याचं राजेंद्र प्रसाद मेडिकल कॉलेज, डोंगरी रस्त्यानं तासाभराच्या आसपास. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन महिन्यांच्या घेऊन ठेवा आणि एका टॅक्सीवाल्याचा नंबर रात्री-बेरात्री उचलणारा असावा.

माणसं

ओळख कुठून सुरू करायची? फौजेपासून. घरटी कुणी ना कुणी फौजेत, कॅप्टन विक्रम बत्रा इथलेच, पहिले परमवीर चक्र विजेते मेजर सोमनाथ शर्माही याच कांगड्याचे. तुम्ही नागपूर म्हणालात की एखादे रिटायर्ड सुभेदारसाहेब विचारतील, कामठीजवळचं? फौजेच्या गार्ड्स रेजिमेंटचं सेंटर कामठीलाच आहे ना! मग बसा आणि ऐका, घाई करू नका. बोलताना नावापुढं जी लावा, आपलं प्रेमाचं ‘का बे’ काही महिने पेटीतच राहू द्या.

लग्नाला बोलावलं तर जायचंच. धाम म्हणजे जमिनीवर बसून पत्तलवर जेवण, आपल्या पंगतीसारखंच, भातावर एकामागून एक पदार्थ वाढत जातात, मदरा (दह्यातली भाजी) येतो, खट्टा (आंबट रस्सा) येतो, शेवटी गोड भात. पहिल्याच मदऱ्यावर पोट भरू नका, आणि पंगत उठेपर्यंत उठू नका. मिरचीची अपेक्षा ठेवू नका भाऊ. परत बोलवायचं तर संत्रा बर्फी आणि वडाभात, वडाभातात तिखट अर्धंच.

येणं-जाणं

नागपूरहून जम्मूकडं जाणाऱ्या गाड्यांसाठी पठाणकोट कँट स्टेशन धरा, गावातलं पठाणकोट स्टेशन वेगळं आहे, तिकीट काढताना नीट बघा. तिथून पुढं बस किंवा टॅक्सी. पठाणकोटहून कांगडा खोऱ्यात जाणारी १९२९ ची छोटी रेल्वे खिडकीतून बघायला मस्त आहे पण सामानासकट तिच्या भरवशावर राहू नका, २०२२ च्या पावसाळ्यात तिचा चक्की नदीवरचा पूल पडला होता, दरडींचा त्रासही असतोच. कांगड्याचं गग्गलचं विमानतळ जवळ आहे पण हवा बिघडली की फ्लाइट रद्द. रेल्वेचं रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडते, तर दिवाळीला घरी यायचं असेल तर साठाव्या दिवशी सकाळी आठलाच मोबाइल घेऊन बसा, आणि परतीचं तिकीट त्याच सुमारास काढून टाका.