या चुका टाळा: नॉन-पॅरामेट्रिक चाचणीचा निकाल वाचताना

‘मान-व्हिटनी चाचणीनुसार दोन गटांच्या मध्यकांत सार्थक फरक आढळला.’ प्रबंधांत हे वाक्य सर्रास दिसतं, आणि बहुतेकदा चाचणीने ते सांगितलेलंच नसतं. (मध्यक म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं मूल्य; सार्थक म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न दिसणारा.)

मान-व्हिटनी ही दोन स्वतंत्र गटांची तुलना करणारी नॉन-पॅरामेट्रिक चाचणी, म्हणजे आकडे ठरावीक आकाराच्या वितरणातून आले आहेत असं न मानणारी. ती मूळ आकडे सोडून त्यांचे लहान-मोठेपणाचे क्रम बघते. तिचा प्रश्न असा: दोन्ही गटांतून एकेक मूल्य उचललं, तर कोणत्या गटाचं मोठं निघण्याची शक्यता जास्त? पहिला गट घ्या १, २, ३, १०, ११, १२, १३ आणि दुसरा ७, ८, ९, १०, २०, २१, २२. दोघांचाही मध्यक १०. आता प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना करा. ४९ जोड्यांपैकी ३३ मध्ये दुसरा गट वरचढ, एकीत बरोबरी, तिचा अर्धा गुण. म्हणून या गुणांची बेरीज, म्हणजेच चाचणीचा ‘यू’, ३३.५. सात-सात नोंदींवर हा फरक सार्थक ठरत नाही. पण हेच आकडे प्रत्येकी दहा वेळा आले, म्हणजे गट ७०-७० चे झाले, तर पी-मूल्य (गटांत खरा फरक नसताना इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.००१ च्याही खाली जातं; मध्यक दोन्हीकडे दहाच राहतो.

मध्यकाबद्दल बोलायचंच असेल, तर दोन्ही वितरणांचा आकार सारखा आणि फक्त जागा सरकलेली असायला हवी. त्यामुळे आधी आलेख काढा, चाचणी नंतर. आणि ३३.५ भागिले ४९, म्हणजे ०.६८, हा आकडा अहवालात जरूर द्या. फरक किती मोठा आहे हे तोच सांगतो. पी-मूल्य ते सांगत नाही.

नमुना फार लहान असेल, तर काही निकाल मुळात शक्यच नसतात, हे फार थोडे लोक तपासतात. विल्कॉक्सन साइन्ड-रँक चाचणी जोडीच्या नोंदींमधल्या फरकांवर चालते. तिच्यात पाच जोड्या असतील, तर फरकांच्या अधिक-उणे चिन्हांच्या ३२ रचना होतात. पाचही फरक एकाच दिशेचे निघाले तरी दुहेरी (दोन्ही दिशा धरून काढलेलं) पी-मूल्य २/३२, म्हणजे ०.०६२५. तीन-तीनच्या दोन गटांत मान-व्हिटनीचं किमान पी-मूल्य ०.१०. इथे ०.०५ ची पातळी (पी-मूल्य तिच्याखाली आलं तरच सार्थक) ठेवून ‘परिणाम नाही’ असं लिहिणं चुकीचंच आहे, कारण परिणाम दाखवण्याची संधीच चाचणीला मिळालेली नव्हती.

चाचण्यांच्या नावांचाही घोळ होतो. विल्कॉक्सन यांनी १९४५ च्या एकाच लेखात दोन चाचण्या मांडल्या: रँक-सम (मान-व्हिटनी हीच) स्वतंत्र गटांसाठी, साइन्ड-रँक जोडीच्या नोंदींसाठी. उपचाराआधी आणि नंतर त्याच व्यक्तींची मोजणी असेल, तर दुसरी. तिलाही एक अट आहे: फरकांचं वितरण साधारण सममित हवं. ते एका बाजूला फार ओढलेलं असेल, तर फक्त फरकांची चिन्हं मोजणारी साधी साइन टेस्ट बरी.

एसपीएसएस आणि आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरनी याच चाचणीच्या निकालात दिलेले ‘डब्ल्यू’ नावाचे आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरू नका. एसपीएसएसचा डब्ल्यू ही क्रमांची बेरीज असते. आरचा डब्ल्यू म्हणजे त्याला आधी दिलेल्या गटाचा यू. वरच्या उदाहरणात दुसऱ्या गटाच्या क्रमांची बेरीज ६१.५, त्यातून ७ × ८ ÷ २ म्हणजे २८ वजा केले की ३३.५. सारखी मूल्यं असल्यामुळे अचूक पी-मूल्य काढता येत नाही, अशी सूचना आर देतं. तिचा अर्थ इतकाच की अंदाजी सूत्र वापरलं आहे. नोंदी मोजक्याच असतील, तर परम्युटेशन पद्धत (नोंदींची गटांत अदलाबदल करून पी-मूल्य काढणारी) वापरा.

क्रुस्कल-वॉलिस (दोनहून अधिक स्वतंत्र गटांची एकत्र तुलना करणारी चाचणी) सार्थक आली की लगेच दोन-दोन गटांवर मान-व्हिटनी चालवू नका. प्रत्येक वेळी क्रम नव्याने लागतात, आणि दुरुस्ती केली नाही तर चुकीच्या ‘सार्थक’ निकालांची शक्यताही वाढते. एकत्र लावलेले क्रम तसेच ठेवून दोन-दोन गट तपासणारी डन यांची चाचणी करा, आणि ती होल्म दुरुस्तीसह, म्हणजे अनेक तुलना धरून पी-मूल्यं सुधारून.

आणि नोंदी स्वतंत्र असण्याची अट नॉन-पॅरामेट्रिक चाचणीतही सुटत नाही. एकाच व्यक्तीच्या चार वेळच्या नोंदी चार वेगळे गट समजून क्रुस्कल-वॉलिसला देऊ नका. तिथे फ्रीडमन चाचणी लागते.