ऑटिझम असलेल्या लेकराबरोबर घरचा गणपती कसा करायचा

आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. लेक चार वर्षांचा होता तेव्हा पहिल्याच आरतीला वीसेक माणसं, दोन झांजा, घंटा आणि खाली पार्किंगमध्ये फटाके, त्याने कान गच्च दाबून घेतले आणि मग डोकं भिंतीवर आपटायला लागला, आणि मी तबक हातात धरून तशीच उभी, कारण आरती मध्येच सोडायची नसते असं सगळे म्हणत होते. आता तो नऊ वर्षांचा आहे आणि गेली तीन वर्षं आमचे पाच दिवस चांगले जातात. काय काय बदललं ते सांगते, कारण श्रावण लागला की पोटात गोळा येणाऱ्या आया मला माहिती आहेत, मीही त्यातलीच.

एकूण तयारी महिनाभर आधी सुरू करायची. आधी सजावटीचं सांगते. आपण मखरासाठी एका रात्रीत टीव्ही उचलतो, सोफा फिरवतो. ज्याला प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागते तो सकाळी उठतो तर घर वेगळंच. आम्ही आता पंधरा दिवस आधीपासून एकेक वस्तू हलवतो आणि ती त्याच्यासोबत हलवतो, तो सोफ्याचं एक टोक धरतो. मग मागच्या वर्षीचे आपल्याच घरचे फोटो प्रिंट करून फ्रिजवर एक पट्टी लावते. गणपती येतो तो फोटो, आरतीचा, गौरींचा, विसर्जनाचा, आणि सगळ्यात शेवटी टीव्ही परत जागेवर आलेला फोटो. हा शेवटचा फोटो विसरू नका. हे सगळं संपून घर पुन्हा पहिल्यासारखं होणार आहे हे त्याला डोळ्यांनी दिसायला लागतं, नुसतं तोंडाने सांगून पोचत नाही. रोज सकाळी तो कपडे वाळवायचा चिमटा एका फोटोवरून काढून पुढच्या फोटोला लावतो.

आता आवाज. पुण्यात ढोल पथकांची प्रॅक्टिस गणपतीच्या दीड-दोन महिने आधीच सुरू होते, तेव्हा तयारीला तेवढा वेळ मिळतोच असं समजा. कारखान्यात मशीनवर काम करणारे कानावर मोठे मफ घालतात ना, हेडफोनसारखे दिसतात, ते लहान मुलांच्या मापाचे ऑनलाइन मिळतात. पण सणाच्या दिवशी एकदम घातले तर मूल काढून फेकणारच. आम्ही त्याच्या आवडत्या व्हिडिओच्या वेळी दोन मिनिटं, मग पाच, असं वाढवत नेलं. दिवसभर मात्र घालून ठेवायचे नाहीत, आमच्या ओटी मॅडमनी, म्हणजे लेकाच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी, हे बजावून सांगितलंय, कारण सतत शांततेची सवय झाली की कान साध्या आवाजालाही जास्त दचकतात. घरच्या आरतीत आम्ही झांजा बंदच केल्या, टाळ्या वाजवतो, आणि पाच मिनिटांत एक आरती आणि मंत्रपुष्पांजली म्हणून संपवतो. देवाला चालतं.

समोरच्या मंडळाच्या मुलांकडे मी स्वतः गेले होते. भांडायला नाही, वेळ विचारायला. लाउडस्पीकर रात्री 10 ते सकाळी 6 बंद ठेवायचा हा नियम 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे आणि सणाच्या काही ठरावीक दिवशीच सरकार तो रात्री 12 पर्यंत वाढवून देऊ शकतं, हे माहिती असावं, पण माझं काम नियमाने नाही झालं. मी लेकाबद्दल सांगितलं, तर त्यांनी आरतीची नक्की वेळ दिली आणि एक स्पीकर आमच्या खिडकीवरून वळवून रस्त्याकडे केला. आवाज येणार हे आधी माहिती असेल तर तो निम्मा सोपा जातो, म्हणून मी घड्याळ दाखवून त्याला सांगते, साडेसात, ढोल.

पाहुण्यांना आधीच मेसेज टाकते, दरवर्षी तोच, हवा तर तुम्हीही घ्या: 'दर्शनाला नक्की या. आमच्या लेकाला ऑटिझम आहे, त्याचे गाल ओढू नका, नमस्कार कर म्हणू नका, तो खोलीत गेला तर मागे जाऊ नका. स्वतःहून जवळ आला तर हळू बोला, त्याला आवडतं.' पहिल्या वर्षी आईंना, म्हणजे सासूबाईंना, हे अजिबात पटलं नव्हतं, लोक काय म्हणतील म्हणाल्या. आता त्याच दारात सगळ्यांना सांगतात, अहो जरा हळू, आमचा बाळ आत बसलाय.

आतली खोली पाच दिवस फक्त त्याची. पाहुण्यांच्या पर्सा, साड्यांच्या पिशव्या तिथे ठेवायच्या नाहीत. पडदे ओढलेले, पंखा, आणि माझ्या आईने शिवलेली जड गोधडी. फार झालं की तो स्वतः जाऊन गोधडीत शिरतो. तोंड उघडं आहे ना आणि ती त्याची त्याला काढता येतेय ना एवढं मी बघते, आणि दाराबाहेर बसते. अशा वेळी समजावायचं नाही, एक शब्दही नाही. हट्ट असेल तर मूल मधूनमधून आपल्याकडे बघतं, मेल्टडाऊनमध्ये, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटतो तेव्हा, ते कुणासाठी चाललेलं नसतं, ते ओसरायची वाट बघायची.

प्रसादाचं थोडक्यात. उकडीचा मोदक चिकट लागतो, तो खात नाही, तळहातावर खडीसाखरेचा एक खडा ठेवते आणि विषय संपतो. पाच दिवस त्याचा साधा वरणभात वेगळा, वेळेवर.

मिरवणुकीला नेणार असाल तर त्या सकाळी घातलेल्या कपड्यातला फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, मनगटावर तुमचा नंबर लिहिलेला पट्टा बांधा आणि घरातल्या एकाच माणसाकडे फक्त त्याचीच जबाबदारी द्या. गर्दीत चुकलाच तर 112 (पोलिसांसाठी आणीबाणीचा नंबर) किंवा 1098 (मुलांची हेल्पलाइन). आम्ही नेत नाही.

विसर्जन आमच्याकडे सगळ्यात अवघड होतं. नदीवर मूर्ती एका क्षणात पाण्यात गेली आणि तो पुढचे आठ दिवस 'बाप्पा कुठे, बाप्पा कुठे' एवढंच म्हणत होता. आता शाडूची लहान मूर्ती आणतो आणि गॅलरीत बादलीत विसर्जन करतो. मागच्या वर्षी तो दुपारभर बादलीशेजारी मांडी घालून बसला होता. आधी मुकुटाची कड सुटली, मग सोंडेवरचा रंग तरंगत वर आला, मग एक कान हळूच खाली बसला, प्रत्येक वेळी तो बोट दाखवून 'माती' म्हणायचा. संध्याकाळी ती माती आम्ही दोघांनी जास्वंदीच्या कुंडीत ओतली. त्या वर्षी 'बाप्पा कुठे' असं त्याने एकदाच विचारलं आणि उत्तरही त्यानेच दिलं, कुंडीवर हात ठेवून.

दुसऱ्या दिवशी शाळा नाही, थेरपी नाही, कुणाकडे जाणं नाही. टीव्ही जागेवर आणायचा, त्यालाच वायर धरायला द्यायची, आणि पट्टीवरचा चिमटा शेवटच्या फोटोवर.