शेतीसंरक्षणाची बंदूक: परवाना, पेटी आणि नळीपुढचं सगळं

मामंजींचं तेरावं झालं आणि चौथ्या दिवशी मी त्यांची एकनळी पोलीस ठाण्यात जमा केली. गावचे पोलीस पाटील बरोबर आले होते. तेव्हा घरातल्यांना माझी घाई पटली नव्हती. पण परवानाधारक गेला की परवाना त्याच्याबरोबर संपतो, आणि त्यानंतर ती बंदूक घरात ठेवणं हा गुन्हा होतो. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. पावतीवर बंदुकीचा क्रमांक बरोबर लिहिलाय का, हे तिथेच उभं राहून ताडून बघायचं.

आमची वाडी सिंधुदुर्गातल्या कुडाळ तालुक्यात. काजू, थोडी हापूसची कलमं, माड, आणि खाली व्हाळाकडेला, म्हणजे ओढ्याकाठी, भाताचे कुणगे, म्हणजे खाचरं. नवरा गोव्यात नोकरीला, त्यामुळे राखण माझ्याकडे. हल्ली तालुक्यातल्या बऱ्याच जणी फोन करून विचारतात, ‘बंदूक घ्यायची तर काय करायचं?’ दरवेळी तेच सांगते, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

पहिली गोष्ट, आपल्याकडे शिकारीसाठी म्हणून बंदूक मिळत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. आपल्याला मिळतो तो शेतीसंरक्षणाचा परवाना, आणि तो हातात असला तरी जनावर मारायची मुभा मिळत नाही. ती परवानगी वेगळी, ती वनखात्याची. बंदुकीचा कागद जिल्हाधिकारी देतात, जनावराचा वनखातं. हे दोन कागद वेगळे आहेत एवढं न कळल्यामुळे चांगल्या घरची माणसं कोर्टाच्या पायऱ्या चढलेली मी पाहिली आहेत.

बंदुकीचा कायदा, म्हणजे शस्त्र कायदा, १९५९ चा, त्याखालचे नियम २०१६ चे. त्यात शेतकऱ्याच्या कामाच्या दोन बंदुका बसतात: पीक राखायला ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, किंवा किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची काडतुसाची बंदूक. ठासणीची स्वस्त पडते, पण दारू सर्दावते. भातात डुकरं येतात ती भात पोटरीला येऊन कणसं भरतात तेव्हा, म्हणजे भाद्रपद-आश्विनात, आणि तेव्हा आमच्याकडे पाऊस पुरता गेलेला नसतो. ऐन वेळी दारू पेटवणारी टोपी फुटते आणि बार निघत नाही. माझ्या मते काडतुसाची एकनळी बरी. दुनळीची शेतात काही गरज नाही.

अर्ज ऑनलाइन भरून कागद ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचे. सातबारा, ओळखीचे पुरावे, डॉक्टरांचा दाखला, बंदूक हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला आणि ती सुरक्षित कुठे ठेवणार याची लेखी हमी. मग पोलिसांची चौकशी होते. वय २१ पूर्ण हवं. वारसाने घ्यायची असेल तर बाकीच्या वारसांची ना हरकत लागते. माझे दोन दीर मुंबईला, नणंद रत्नागिरीला. तिघांच्या सह्या जमवताना गणपती येऊन गेले. म्हणून सांगते, म्हातारं माणूस हयात असतानाच हे उरका. परवानाधारकाची सत्तरी झाली, किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं राहिली, की तो हयातीतच वारसाच्या नावावर देण्यासाठी अर्ज करू शकतो. वारसांत सूनही बसते.

परवाना हातात आला की देव्हाऱ्यात ठेवू नका, वाचा. कोणत्या क्षेत्रासाठी आहे, एका वेळी किती काडतुसं आणि वर्षाला किती, सगळं त्यावर असतं. माझा पहिला परवाना तीन वर्षांचा होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत पाच वर्षांची झाली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन महिने आधी द्या. आणि शेजारचा भाऊ कितीही जवळचा असो, ‘एक रात्र दे गो’ म्हणाला तरी बंदूक द्यायची नाही. आमच्या घरात यावरून एकदा बोलाचाली झाली होती. तेव्हा मामंजी हयात होते. ओटीवर बसून त्यांनी एवढंच सांगितलं, “बंदूक म्हंजे काठी न्हय. गेलेलो बार परत येणा नाय.”

आता काडतुसाविषयी, कारण इथे दुकानातला पोरगाही चुकतो. १२ बोअर म्हणजे नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरतं. नळी साधारण साडेअठरा मिलिमीटरची. पण बोअर जुळला म्हणजे काडतूस जुळलं असं होत नाही. आमची एकनळी सासऱ्यांच्या वडिलांनी घेतलेली, विलायती. तिच्या नळीखाली अडीच इंच कोरलंय, म्हणजे ६५ मिलिमीटर. हल्लीची बरीचशी काडतुसं ७० ची असतात. ७० चं काडतूस या बंदुकीत गुमान जातं, झाकणही बसतं, आणि तोच धोका आहे. काडतुसाचं माप धरतात ते तोंड उघडल्यावरचं. बार उडतो तेव्हा दुमडलेलं तोंड पुढे उलगडतं, जागा नसली की नळीच्या अरुंद भागात अडकतं, आणि दाब भलताच वाढतो. जुन्या नळीला तो सोसेलच असं नाही. म्हणून बंदूक उघडून, नळीखालचा आकडा उजेडात वाचून मगच काडतूस घ्यायला जा. आकडा झिजला असेल तर आधी बंदूक शस्त्रदुरुस्तीच्या परवानाधारक कारागिराला दाखवा. त्याचप्रमाणे २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या घरात येऊ देऊ नका. ते नळीत पुढे सरकून अडकतं, दिसत नाही, वरून दुसरं बसतं आणि चाप ओढला की नळी फुटते.

छऱ्यांचे आकडे उलटे चालतात, आकडा मोठा तसा छर्रा बारीक. सहा नंबरचा छर्रा दोनशे मीटरपर्यंत जातो. एसजीसारखा जाड छर्रा नेम लागायच्या अंतरापलीकडे, सहाशे मीटरच्याही पुढे जाऊन पडू शकतो. नेम कामाचा चाळीस पावलांपर्यंत, आणि जबाबदारी मात्र पुढच्या वाडीपर्यंत. म्हणून मी जाड छर्रे घरात ठेवतच नाही, परवानगीचा कागद आल्याशिवाय.

खरं तर वर्षातून माझे जे काही बार निघतात त्यातले जवळजवळ सगळे आवाजासाठी असतात. वानरांचा कळप कलमांवर आला की व्हाळाच्या उंच दरडीत, मऊ मातीत, एक बार काढते. वर आभाळात काढत नाही. वर गेलेलं खाली येतंच, आणि खाली कुणाचं अंगण आहे हे झाडीतून दिसत नाही. रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून बार काढला तर चार दिवसांत वानरं ओळखतात. जागा बदला, वेळ बदला, अधूनमधून नुसते फटाके लावा, कुत्रा सोडा. वानर, माकड, शेकरू, मोर, माडगरुड (धनेश), गवा, यांतल्या कशावरही नेम धरायचा नाही. दोडामार्गाकडे २००२ पासून हत्ती उतरतात. छऱ्यांनी हत्ती मरत नाही, चवताळतो, आणि त्याचा राग पुढच्या गावावर निघतो.

रानडुकरांनी कुणगे नांगरल्यासारखे उलथले तर आधी फोटो काढा आणि तीन दिवसांच्या आत नुकसानभरपाईचा अर्ज द्या. पंचनामा होईपर्यंत शेत साफ करू नका. नुकसान थांबतच नसेल तर वनक्षेत्रपालांकडे सातबारा जोडून डुक्कर मारायच्या परवानगीचा अर्ज करता येतो. परवानगी लेखीच हवी. गट नंबर आणि मुदत त्यावर आहे ना बघा. तोंडी ‘करा, करा’ म्हणणाऱ्यावर जाऊ नका. डुक्कर मारलं तर ते सरकारची मालमत्ता. लगेच कळवायचं, पंचनामा आणि विल्हेवाट खात्याच्या माणसांसमोर. त्याच्या मटणाचा एक तुकडाही घरी न्यायचा नाही, वाटायचा नाही.

मला अशी परवानगी एकदाच मिळाली. मांगराशेजारच्या, म्हणजे शेतातल्या खोपटाशेजारच्या, आंब्यावर माळा बांधला होता. माळ्यावरून मारण्यात अर्थ असतो, कारण नळी खाली झुकते आणि चुकलेला बार जमिनीत जातो. दुसऱ्या रात्री, चंद्र मावळल्यावर, भात सळसळलं. बॅटरी लावली तर बांधालगत दोन डोळे चमकले, चांगले जमिनीजवळ. बंदुकीचा घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणारी हातोडी, मागे ओढला होता. पण मामंजींची शिस्त, की डोळ्यांवर बार नाही, सबंध अंग दिसल्याशिवाय नाही, आणि अंगामागे काय आहे ते दिसल्याशिवायही नाही. मी बॅटरी हलवली नाही, श्वासही जपून घेतला. मिनिटभराने ते उठून उभं राहिलं. शेजाऱ्यांचं वासरू होतं, दावं तोडून आलेलं, आणि त्याच्या मागे दहा पावलांवर शेजारची काकी हातात दावं घेऊन अंधारात उभी होती. मी घोडा अंगठ्याने हळूच खाली आणला, काडतूस काढून खिशात टाकलं आणि मग तिला हाक मारली. त्या हंगामात मी परत माळ्यावर चढले नाही. राखणीला जायच्या आधी आजूबाजूच्या प्रत्येक घरात जाऊन ‘आज रात्री मी बसणार आहे’ हे सांगणं मी त्या रात्री विसरले होते. तुम्ही विसरू नका.

घरात ठेवताना बंदूक जोडलेली ठेवायची नाही. एकनळीचे तीन भाग सुटे होतात: नळी, दस्ता आणि नळीखालचं लाकूड. माझ्याकडे नळी कुलपाच्या लोखंडी पेटीत, दस्ता दुसऱ्या खोलीत, काडतुसं तिसरीकडे कुलपात. दोन्ही किल्ल्या माझ्या कमरेला. पोरांना जागा माहीत नाही. कोकणच्या पावसात लोखंड एका रात्रीत तांबडं पडतं, म्हणून हाताळून झालं की सुक्या फडक्याने घामाचे डाग पुसायचे आणि शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवायचा. खोबरेल लावू नका, ते चिकटतं आणि खटका धरून ठेवतं.

निवडणूक आली की बंदुका जमा कराव्या लागतात. जिल्ह्यात छाननी समिती असते. शेतीसाठी लागते असं सांगून सूट मागायचा अर्ज आचारसंहिता लागल्या लागल्या द्या, कारण लोकसभेची आचारसंहिता येते ती ऐन काजू-आंब्यात. २०२४ ला मी अर्जाला उशीर केला आणि मार्चपासून जूनपर्यंत बंदूक जमा राहिली. परत आणली, पेटीत ठेवायच्या आधी सवयीने उघडली आणि नळी दारातल्या उजेडाकडे धरली. पलीकडचं गोल आभाळ दिसायला हवं होतं. काळोख दिसला. तोंडापासून चार बोटं आत कुंभारीण माशीने घर केलं होतं, पक्कं सुकलेल्या मातीचं. लाकडी गजाने हळूहळू टोकरलं तेव्हा आतून माती आणि तिने अळ्यांसाठी भरून ठेवलेले वाळके कोळी पडले. त्या नळीतून बार काढला असता तर नळी तोंडाकडे फुटू शकली असती. तेव्हापासून बंदूक दुसऱ्याच्या ताब्यात जाताना नळीच्या तोंडावर कापड बांधून देते, आणि परत आल्यावर, माळ्यावर चढताना, घसरून पडल्यावर, प्रत्येक वेळी काडतूस काढून नळीतून आभाळ बघते.

एअरगनविषयी दोन शब्द, कारण मे महिन्यात मुंबईहून येणारी मुलं ती घेऊन येतात. ४.५ मिलिमीटर नळीची आणि २० जूलपर्यंत ताकदीची असेल तर तिला परवाना लागत नाही. म्हणून ती खेळणं ठरत नाही. तिच्या छऱ्याने डोळा जातो. तिने बुलबुल, पोपट, खार किंवा वानर मारणं हीसुद्धा कायद्याने शिकारच आहे. अरुणाचल प्रदेशात २०२१ पासून लोकांनी स्वतःहून दोन हजारांवर एअरगन सरकारजमा केल्या, रानात पाखरू उरेना म्हणून. माझ्या मते आपल्या वाडीत एअरगनला एकच काम आहे, भिंतीला मातीची पोती लावून पत्र्याच्या डब्यांवर नेम शिकणं. शिकवताना हे बघा: मोडून भरायच्या एअरगनची नळी छर्रा घालताना दुसऱ्या हाताने घट्ट धरलेली असावी, नाहीतर ती झटक्याने मिटते आणि बोट चेचतं. छर्रा न घालता रिकामी उडवली तर आतला दट्ट्या खराब होतो. छर्रे शिशाचे असतात, तोंडात धरायचे नाहीत, आणि जेवायच्या आधी हात साबणाने धुवायचे. उंदीर माडावर चढतात त्याला एअरगन नको, खोडाला पत्र्याचा गुळगुळीत पट्टा मारा. आमच्या माडांवर तो मारल्यापासून उंदरांनी पोखरलेली शहाळी खाली पडायची जवळजवळ थांबली.

फासकी, गावठी बॉम्ब आणि कुंपणात सोडलेली घरची वीज, या तिन्हींना हात लावू नका. फासकीत डुकराऐवजी बिबट्या अडकतो, आणि विजेच्या तारेला पहाटे शेताकडे निघालेलं माणूस चिकटतं. पैसे घालायचेच तर सौरकुंपणात घाला. त्याचा झटका क्षणभराचा असतो, जनावर मागे फिरतं, मरत नाही. मी गेल्या वर्षी खालच्या कुणग्यांना ते घातलं. त्यानंतर भाताच्या हंगामात बंदूक दोनदाच पेटीतून निघाली, दोन्ही वेळा वानरांसाठी, दोन्ही वेळा दरडीच्या मातीत.